बेस गिटारचं हेड आणि गव्हाची कोठी

आमच्या ऑर्केस्ट्राचे मालक हिलालभाऊ एक वाक्य नेहमी म्हणायचे, "बेस गिटार ऐकू आली नाही म्हणजे ती चांगली वाजली." हे माझं कौतुक आहे असं मी कित्येक वर्षं धरून चाललो होतो.

'तापी-तरंग' हा आमचा जळगावचा ऑर्केस्ट्रा. गणपती, नवरात्र, लग्नं, पतपेढीचं उद्घाटन, काहीही वर्ज्य नाही. मी दिवसा पाटबंधारे खात्यात वरिष्ठ लिपिक आणि संध्याकाळी बेस गिटारवादक. दोन्हीकडे मी आहे की नाही हे कुणाच्या लक्षात येत नसे. गाणाऱ्याला हार मिळायचा, ढोलकीवाल्याला शिट्ट्या मिळायच्या, ऑर्गनवाल्याला निदान चहा आधी मिळायचा. मला एकदा एरंडोलला मंडळाच्या कार्यकर्त्याने, "काका, रिकामेच आहात तर ही वायर धरा," म्हणून मंडपाच्या दिव्यांची वायर हातात दिली. दोन गाणी मी ती धरून उभा होतो. त्या दोन गाण्यांत बेस नव्हता, हे श्रोत्यांनाही कळलं नाही आणि हिलालभाऊंनाही नाही.

याचं कारण गिरधर. गिरधर हा आमचा साऊंडवाला आणि माझा जुना मित्र. माझ्या गिटारची वायर त्याच्या मशीनमध्ये जायची आणि तिथलं एक बटण तो प्रेमाने शून्यावर आणून ठेवायचा. "भाऊ, तुमचं बटण उघडलं की भोंगे घूं घूं करतात. गाणाऱ्याचे शब्द कळत नाहीत," असं त्याचं म्हणणं. आमच्या गाणाऱ्याचे शब्द न कळणं हा खरं तर श्रोत्यांचा फायदाच होता, पण मी वाद घालणारा माणूस नाही.

मग हिलालभाऊंच्या भाच्याने कीबोर्ड आणला. त्यात उजव्या हाताने बासरी, सनई, पाऊस आणि आगगाडी वाजायची, आणि डाव्या हाताने बेस. हिलालभाऊ शाळेत पी.टी. शिकवायचे, त्यामुळे वाईट बातमीही ते शिट्टी मारल्यासारखी सांगत. "शालिग्राम, धुळ्याला पुखराजशेठच्या मुलीच्या लग्नाचा कार्यक्रम आहे. तिथे तुमची गिटार लोकांना ऐकू आली तर तुम्ही राहाल. नाही आली तर डावा हात आहेच. तुम्ही काही परके नाही, मागे येऊन बसत जा."

मागे मी आत्ताही होतोच. पण 'येऊन बसत जा' हे शब्द मला लागले. घरी प्रमिलाला सांगितलं तर ती तांदूळ निवडता निवडता म्हणाली, "मग घ्या की स्वतःचं मशीन." तिला वाटलं मी घेणार नाही.

बेस गिटारला स्वतःचं अ‍ॅम्प्लिफायर लागतं, आणि त्यातला मुख्य भाग म्हणजे 'हेड', एवढं ज्ञान मी एका परदेशी मासिकातलं चित्र पाहून मिळवलं होतं. चित्रातल्या हेडची किंमत गिरधरने अंदाजाने सांगितली तेव्हा मी ते मासिक जपून मिटलं. सुरतेहून चोरटा माल आणून देणारा एक जण होता, पण सरकारी नोकराने चोरटा माल घ्यावा तर निदान त्याचा आवाज तरी कमी असावा. राहता राहिले धुळ्याचे चिंधाभाऊ. आग्रा रोडच्या मागच्या एका गल्लीत ते स्वतः अ‍ॅम्प्लिफायर जोडून विकत आणि अख्ख्या खान्देशातल्या बँडवाल्यांचा त्यांच्यावर भरवसा होता.

निघताना शेजारचे निंबा आबा बरोबर आले. मी बोलावलं नव्हतं. आबा आयुष्यभर जिनिंग फॅक्टरीत कापूस पारखत होते, आणि निवृत्तीनंतर कापूस मिळेना म्हणून बाकीचं सगळं जग पारखायला लागले होते. एस.टी.त त्यांनी मला यंत्र निवडण्याचं शास्त्र सांगितलं. "शालिग्राम, मन्हं आयक. वजन देख. हलकी वस्तू अन् हलका मानूस, दोन्ही घरमा लेवानं नही."

चिंधाभाऊंकडे दोन हेडं होती. दोन्ही शंभर वॅटची, दोन्ही काळी, दोन्हींवर पांढऱ्या रंगात 'मेड अ‍ॅज जपान' असं लिहिलेलं. त्यांनी एकेक करून माझी गिटार लावून दाखवली. दुकानातली बरणी थरथरली, भिंतीवरची पाल खाली आली. माझ्या बोटांतून असा आवाज निघू शकतो हे मला पहिल्यांदाच कळत होतं, आणि खोटं कशाला बोलू, मला गहिवरून आलं. आबांना मात्र आवाजाशी काही देणंघेणं नव्हतं. त्यांनी समोरच्या धान्याच्या दुकानातून तराजू आणवला आणि दोन्ही हेडं तोलली. दुसरं साडेतीन किलोने भारी भरलं. चिंधाभाऊंनी आबांकडे मोठ्या आदराने पाहिलं आणि भारी हेडाचे थोडे जास्त घेतले.

घरी आणून हेड टेबलावर ठेवलं. गल्ली जमली. मी गिटार लावली, बटणं फिरवली आणि जोरात तार छेडली. काहीही झालं नाही. लाल दिवा लागला होता, तो शांतपणे लागून राहिला. प्रमिला म्हणाली, "दिवा छान आहे."

कोपऱ्यावरच्या एस.टी.डी. बूथवरून चिंधाभाऊंना फोन लावला. ते जेवत होते. "भाऊ, त्यामा आवाज कथाईन येई? हेड म्हंजे डोकं. तोंड येगळं लेनं पडस. स्पीकर ना! तुम्हीन हेड मांगं, मी हेड दिधं." म्हणजे दुकानात जो आवाज ऐकून मला गहिवरून आलं होतं, तो त्यांच्या बाकाखाली ठेवलेल्या स्पीकरचा होता. तो दाखवण्यापुरता. विकाऊ नव्हता.

गिरधरने धीर दिला. म्हणाला, स्पीकर म्हणजे स्पीकर, आपला भोंगा लावून बघू. दुकानाच्या गच्चीवर त्याचे चार भोंगे होते. त्यातल्या सर्वांत मोठ्याला हेड जोडलं. ज्यांनी भोंग्यातून बेस गिटार ऐकली नाही त्यांना सांगतो: बंद खोलीत कोंडलेल्या रेड्याला सर्दी झाली आहे असं वाटतं. समोरच्या गोठ्यातल्या म्हशीने दावं तोडलं आणि ती थेट बळीरामपेठेच्या दिशेने गेली. तिसऱ्या ठोक्याला भोंग्यातून 'फट्' असा आवाज आला आणि तो कायमचा मुका झाला. म्हैस सापडली. भोंगा भरून द्यावा लागला, आणि मित्र असल्यामुळे गिरधरने तो नवा असल्याचा भाव लावला.

त्याची भरपाई म्हणूनच की काय, त्याने मला एक पंधरा इंची स्पीकर दिला. कुठल्याशा बुडालेल्या टुरिंग टॉकीजचा. परातीएवढा, त्यावर भोकं पडलेली आणि ती कागदाची ठिगळं लावून बुजवलेली. "याच्यातून सगळे खलनायक बोलून गेलेत, भाऊ. भारी आवाज पेलतो," तो म्हणाला. आता याला मोठी बंद पेटी हवी. सुतार म्हणाला लग्नसराई आहे, पलंग आणि कपाटांतून डोकं वर काढायला वेळ नाही, पेटी आषाढात देतो. कार्यक्रम वैशाखात होता.

तेव्हा माझी नजर गव्हाच्या कोठीवर गेली.

ही पत्र्याची गोल कोठी प्रमिलाच्या माहेरची, चोपड्याची. माझ्या छातीएवढी उंच. तिच्या तोंडाचं माप घेतलं तर बरोबर पंधरा इंच. आडवी पाडली, झाकणाच्या जागी स्पीकर बसवला, की पेटी तयार. छिद्र पाडायचं नाही, कापायचं नाही. मी हे सगळं प्रमिलाला इतक्या शास्त्रीय पद्धतीने समजावून सांगितलं की ती मध्ये एकदाही बोलली नाही. मग म्हणाली, "गहू कुठे ठेवायचा?"

गहू बादल्यांत गेला, हंड्यात गेला, कुकरमध्ये गेला, माझ्या ऑफिसच्या डब्याच्या पिशवीत गेला. उरलेला पलंगावर पसरला आणि आम्ही आठवडाभर जमिनीवर झोपलो. आबांनी सांगितलं, रिकामा पत्रा खणखणेल, आत कापूस भरा. ही मात्र त्यांच्या खात्यातली गोष्ट होती. त्यांनी स्वतः जाऊन लांब धाग्याचा उत्तम कापूस आणला आणि कोठीत अर्धे शिरून, हाताने पिंजून भरला. जळगावात आजवर इतक्या प्रतीच्या कापसावर कुणी गिटार वाजवली नसेल. प्रमिलाची अट एकच होती: कोठी धुळ्याला जाईल तर तीही जाईल. माझ्यासाठी नव्हे. कोठी परत येते की नाही ते बघायला.

निघण्याच्या आधी पूजा. नवीन वस्तू घरात आली आणि तिची पूजा झाली नाही असं आमच्या गल्लीत होत नाही. सायकलीपासून मिक्सरपर्यंत सगळ्यांना हळदकुंकू लागलेलं आहे. प्रमिलाने लाल दिवा लावून हेडाला कुंकू लावलं, हार घातला. आबांनी नारळ हातात घेतला, फोडायला दगड शोधला, आणि हेडाचा लोखंडी कोपरा छान टणक दिसला म्हणून नारळ तिथेच फोडला. हेडाच्या वरच्या बाजूला गरम हवा जाण्यासाठी फटी असतात. पाणी भरपूर असलेला नारळ निघाला. "शुभ शे," आबा म्हणाले, आणि आतून चुर्र असा आवाज आला.

गिरधरने मागचं झाकण उघडलं. नारळाचं पाणी पुसलं, दोन दिवस हेड उन्हात, पापडांच्या शेजारी वाळवलं. जळलं फारसं काही नव्हतं. पण आत, एका बाजूला, चार स्क्रूंनी व्यवस्थित बसवलेला शहाबादी फरशीचा तुकडा होता. गिरधरने तो काढून तोलला. साडेतीन किलो.

पुन्हा बूथ, पुन्हा चिंधाभाऊ. या वेळी ते चहा पीत होते. आवाजात अपराधीपणाचा लवलेश नाही. "हां, फरशी शे ना. नही टाकी तं लोके म्हनतस, हलकं शे, अन् ठेईसन चालना जातस. मशीन दोन्ही सारखाच, भाऊ. तुम्हना आबाले जे आवडनं ते दिधं." मी फोन ठेवला आणि आबांकडे पाहिलं. आबा फरशीकडे पाहत होते. ते म्हणाले, "आते काढू नको. पैसा मोजेल शे तेले." फरशी परत आत बसवली.

कार्यक्रमाच्या दिवशी मॅटाडोरमध्ये ऑर्केस्ट्रा, कोठी आणि कोठीवर हात ठेवून बसलेली प्रमिला असे आम्ही निघालो. पारोळ्यापर्यंत बरं चाललं. पुढे जकात नाक्यावर कारकुनाने गाडी थांबवली. तबला, ढोलकी, कीबोर्ड यांना त्याने हात हलवून जाऊ दिलं. कोठीपाशी थांबला. त्याने ती थोडी हलवली आणि खालच्या धान्य काढायच्या झडपेतून पाच-सहा गहू टपटप खाली पडले.

"गहू आहे," तो म्हणाला.

"गहू नाही, वाद्य आहे," मी म्हणालो.

"कोठी वाद्य आहे?"

"कोठी म्हणजे स्पीकर. वाद्य हे," मी गिटार दाखवली.

त्याने झडपेतून आत हात घातला. हातात कापूस आला. गव्हाच्या कोठीतून कापूस काढणारा माणूस जसा बघेल तसा त्याने माझ्याकडे बघितलं. मी त्याला हेड, स्पीकर, वॅट सगळं सांगितलं. माझ्या खात्यात मी रोज लोकांना असंच सांगतो आणि तेही असंच ऐकतात. शेवटी तो म्हणाला, "वाद्य असेल तर वाजवून दाखवा." विजेशिवाय बेस गिटार म्हणजे खाटेच्या सुताच्या दोऱ्या. मी वाजवली. त्याने कान पुढे केला. आणखी पुढे केला. शेवटी तारांना टेकवला. मग सरळ उभा राहिला आणि मागच्या कारकुनाला ओरडून सांगितलं, "लिही, जुनी कोठी एक, रिकामी. आणि एक खेळणं. वाजत नाही." मॅटाडोरमध्ये हिलालभाऊंचा भाचा हसला. मी फागणे येईपर्यंत खिडकीबाहेर बघत बसलो.

पुखराजशेठचा मंडप म्हणजे कापडाचा महाल होता. स्टेज लाकडी तख्तं जोडून केलेलं, आणि तख्तं जास्त आली म्हणून त्यांची रांग पुढे श्रोत्यांपर्यंत वाढवलेली. टोकाच्या तख्तावर पांढरी गादी आणि गादीवर शेठजींच्या मातोश्री सायरबाई. नऊ वर्षांपूर्वी त्यांचे कान गेले, ते पूर्ण गेले. सगळे येऊन पाया पडत होते, त्या सगळ्यांच्या डोक्यावर हात ठेवत होत्या आणि बाकी वेळ समोर बघत बसत होत्या. प्रमिलाला जागा मिळाली ती त्यांच्याच गादीशेजारी, कारण तिथून कोठी स्पष्ट दिसत होती.

पहिलं गाणं सुरू झालं. मी हेडाचं बटण अर्ध्यावर नेलं आणि पहिला ठोका दिला.

कोठी बोलली. बुडालेल्या टॉकीजमधले सगळे खलनायक एकदम उठून बसले. माझ्या पायाखालचं तख्त हललं, समोरच्या पाण्याच्या ट्रेमधले स्टीलचे पेले एकमेकांना भेटायला निघाले, वरचं झुंबर किणकिणलं. ढोलकीवाल्याने मागे वळून पाहिलं. इतक्या वर्षांत त्याने मला समोरून पाहिलं नव्हतं. मी वाजवत होतो आणि मला ऐकू येत होतं. तिकडे पंगतीतून आचारी पळत आला, रसगुल्ल्यांच्या पाकात लाटा उठताहेत म्हणून. वऱ्हाडातल्या एका जावईबापूंनी चहा सदऱ्यावर सांडला. दुसऱ्या गाण्याच्या मध्यावर गाणाऱ्याचा आवाज पूर्ण बुडाला, तेव्हा हिलालभाऊ हसऱ्या चेहऱ्याने माझ्याजवळ आले आणि दातांतून म्हणाले, "बंद करा. आत्ताच्या आत्ता. पुढची गाणी भाचा घेईल."

मी बटण बंद केलं. गिटार गळ्यातच होती, पण हात कुठे ठेवावेत कळेना. ऐकू आलो नाही म्हणून काढत होते, आणि ऐकू आलो म्हणून काढलं. पाटबंधारे खात्यातसुद्धा असा निर्णय मी पाहिला नव्हता. भाच्याने डावा हात खाली आणला, गाणं पुढे चाललं, आणि लोक टाळ्या वाजवू लागले.

"क्यूं बंद कर दियो?"

हा आवाज टोकाच्या तख्तावरून आला, आणि असा खणखणीत आला की गाणं थांबलं. सायरबाई गादीवरून उठून उभ्या होत्या. शेठजी धावत आले. "माँ, थाने सुणीजे है?" असं म्हणत, ऐकू येतंय का, हे त्यांनी स्वतःच्या कानांना हात लावून विचारलं. बाईंनी नाही म्हणून मान हलवली. मग वाकून त्यांनी तळहाताने तख्त थोपटलं, आणि मग आपली छाती. "अठे आवे है," त्या म्हणाल्या. इथे येतंय. त्यांनी बोट लांब करून सगळ्यांच्या मागे उभ्या असलेल्या माझ्याकडे दाखवलं.

हिलालभाऊंनी लगबगीने सगळ्यांना सुरुवात करायला सांगितलं. पण बाईंना बाकीच्यांत काही रस नव्हता. नुसत्याच हलणाऱ्या माणसांचा त्यांना कंटाळा आला होता. त्यांनी गाणाऱ्याला हाताने बाजूला केलं, कीबोर्डला बाजूला केलं, ढोलकीला बाजूला केलं. शेठजींचे डोळे भरून आले होते. ते हिलालभाऊंना म्हणाले, "मास्तर, फक्त हे. माँ सांगेल तोवर."

आता एकट्या बेस गिटारवर काय वाजवतात, ते मला ठाऊक नव्हतं. कुणालाच नसतं. मी कार्यक्रमातली गाणीच पहिल्यापासून ओळीने वाजवायला घेतली, नुसता बेस, धुम धुम धुम. कार्यक्रम जाहीर करायचं काम हिलालभाऊंचं, आणि पैसे मोजणारा माणूस समोर बसलेला. त्यामुळे प्रत्येक वेळी त्यांना माईकवर येऊन, "यानंतर सादर करीत आहोत एक हळुवार युगुलगीत, वादक शालिग्रामभाऊ," असं म्हणावं लागलं. युगुलगीत धुम धुम, गझल धुम धुम, लावणी जरा घाईत धुम धुम. वऱ्हाड अर्ध्या तासात जेवायला उठून गेलं. सायरबाई पाय सोडून तख्तावर बसल्या होत्या, दोन्ही तळवे लाकडावर टेकवून, डोळे मिटून. त्यांच्या शेजारी प्रमिला बसली होती. तिनेही तळवे टेकवले होते.

परत निघालो तेव्हा हिलालभाऊ माझ्याशी फार गोड बोलत होते. शेठजींनी धाकट्या मुलाच्या लग्नाचंही आमंत्रण दिलं होतं, आणि त्यात बाकीचे आले नाहीत तरी चालतील असं सुचवलं होतं. मॅटाडोरमध्ये कोठी चढवली, प्रमिला तिला टेकून बसली. मी तिच्यासमोर बसलो. मला राहवेना. इतक्या मोठ्या मंडपात, धुळ्यात, एका माणसाने का होईना, पण मला ऐकलं होतं, आणि ते तिच्यासमोर ऐकलं होतं. विचारलं, "मग? कसं झालं?"

"चांगलं झालं," ती म्हणाली. मग पदर सारखा करत म्हणाली, "ते युगुलगीत चुकलात. तिसऱ्या कडव्यात."

त्या गाण्याला गाणारा नव्हता, कीबोर्ड नव्हता, काही नव्हतं. मी खरोखरच चुकलो होतो, आणि ते मला सोडून मंडपात कुणालाही कळणं शक्य नव्हतं. सकाळी ऑफिसला जाण्याआधी, विजेशिवाय, दाराआड बसून मी जेव्हा तासभर पुटपुटल्यासारखं वाजवायचो, तेव्हा ती स्वयंपाकघरात भांडी वाजवत असायची.

"तुला कसं कळलं?" मी विचारलं.

"घरी बरोबर वाजवता," ती म्हणाली, आणि कोठीवर डोकं टेकून तिने डोळे मिटले.